गुप्त पान

ग्रंथालयात नवे पुस्तक आले की त्यावर तीन ठिकाणी शिक्का मारण्याची आमच्याकडे पद्धत आहे. पहिला शिक्का शीर्षकाच्या पानावर, दुसरा शेवटच्या पानावर आणि तिसरा गुप्त पानावर. गुप्त पान म्हणजे ग्रंथालयाने स्वतःपुरता ठरवलेला एक आकडा. पुस्तक कोणतेही असो, त्या क्रमांकाच्या पानावर, शिवणीच्या बाजूच्या कोऱ्या पट्टीत, मजकुराला धक्का न लावता शिक्का उमटवायचा. उद्या कोणी पुस्तक पळवले, मुखपृष्ठ काढून टाकले, पहिली-शेवटची पाने फाडली, तरी त्या एका पानावरून ते कोणाचे हे सांगता येते.

१९९७ साली ठाण्यात, नौपाड्यातल्या एका लहानशा सार्वजनिक ग्रंथालयात मी रुजू झाले. माझ्या आधीच्या ग्रंथपालांना सगळे नुसते 'सर' म्हणत. त्यांनी मला प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन त्याची नोंद ठेवणारी दाखल नोंदवही दाखवली, सभासदांच्या कार्डांचे खण दाखवले, कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा हातात दिला आणि मग देवघेवीची खिडकी लावून घेऊन हलक्या आवाजात तो आकडा सांगितला. "हा कुठेही लिहून ठेवायचा नाही," ते म्हणाले, "तुमच्यानंतर जो येईल त्याला तोंडीच सांगायचा." तो आकडा मी आजवर कुठे लिहिलेला नाही आणि इथेही लिहिणार नाही. पण ज्या पानाकडे वाचणाऱ्याचे लक्षही जात नाही त्याच पानावर पुस्तकाची खरी ओळख असते, ही गोष्ट मला त्या दिवशी नवी वाटली नाही, कारण लहानपणापासून मी रहस्यकथा वाचत आले होते.

रहस्यकथा वाचणारा माणूस शेवटासाठी वाचतो, असा एक समज आहे. खुनी कोण हे एकदा कळले की पुस्तक संपले, मग ते दुसऱ्यांदा कोण वाचणार, असे पुस्तकांवर मनापासून प्रेम करणारी माणसेही म्हणतात. माझे प्रेम शेवटावर कधीच नव्हते. चांगल्या रहस्यकथेत एक पान असे असते की तिथे लेखकाने सगळे सांगून टाकलेले असते, साध्या शब्दांत, आपल्या डोळ्यांसमोर, आणि आपण ते वाचून पुढे गेलेलो असतो. शेवट कळल्यावर मागे येऊन ते पान शोधण्यात मला जो आनंद मिळतो, तो दुसऱ्या कोणत्याही वाचनात मिळालेला नाही. त्यामुळे मी रहस्यकथा दोनदा वाचते. पहिले वाचन लेखकाच्या मर्जीने होते. दुसरे माझे असते.

या वाचनाची सुरुवात घरातच झाली. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पाळीवर जात, आणि दुसरी पाळी संपवून रात्री येत तेव्हा डब्याच्या पिशवीत भाड्याने आणलेली एखादी पुस्तिका असे. ती सकाळपर्यंत बाबांची असे, दुपारी आईची, आणि संध्याकाळी दुकानात परत जाण्याआधीचा तासभर माझा. त्या तासात पुस्तिका पुरी होणे शक्य नसे, म्हणून अर्धवट राहिलेली गोष्ट मी आईला विचारत असे. आई कधीही सांगत नसे. "तूच ओळख," एवढेच म्हणे, आणि मी चुकीचे नाव घेतले की भाजी चिरता चिरता नुसती मान हलवी. शेवट न सांगण्याची रीत मी आईकडून घेतली आणि पुढे ती माझ्या कामाचाच भाग झाली.

बाबांच्या तोंडी नाव असे ते बाबुराव अर्नाळकरांचे. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांच्या कथांतली माणसे आमच्या घरात नातेवाइकांसारखी वावरत. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. ही संख्या ऐकून नवे वाचक हसतात. मला मात्र त्या संख्येमागे दर महिन्याला वाट पाहणारे वाचक दिसतात. माझ्या शाळेच्या वर्षांत गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांचे दिवस होते. नाईकांच्याही पुस्तकांची संख्या हजाराच्या पुढे गेली, आणि शिरवळकरांच्या दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास यांच्यापैकी कोण अधिक हुशार यावर आमच्या वर्गात भांडणे होत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्याकडच्या या छोट्या पुस्तिकांमध्ये मी ज्याला गुप्त पान म्हणते ते फारसे नसते, असे माझे मत बरीच वर्षे होते. तिथे वेग असतो, वेषांतरे असतात, पाठलाग असतो, भुयारे आणि बंद खोल्या असतात. नायक जे ओळखतो ते बहुधा वाचकाला दाखवलेले नसते. पानामागून पान वाचत राहायला लावणारी ताकद त्यांत मोठी होती, आणि ज्यांच्या घरात दुसरे पुस्तक नव्हते अशा माणसांच्या हाती त्यांनी पुस्तक दिले. पण वाचकाला बरोबरीने बसवून सगळे पुरावे त्याच्यासमोर मांडण्याची रीत मला भेटली ती पुढे, ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास करताना, इंग्रजी पुस्तकांत आणि त्यांच्या अनुवादांत.

एडगर ॲलन पो यांची १८४१ सालची कथा ही आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात मानतात, आणि १८८७ साली आर्थर कॉनन डॉयल यांचा शेरलॉक होम्स प्रथम छापला गेला. होम्स मला आवडतो, पण त्याच्या बऱ्याच कथांत बुटावरचा चिखल त्याला आधी दिसतो आणि आपल्याला नंतर सांगितला जातो. पहिल्या महायुद्धानंतरच्या लेखकांनी मात्र हे बदलले. रोनाल्ड नॉक्स हे धर्मगुरू होते आणि रहस्यकथाही लिहीत. त्यांनी १९२९ साली या लेखनाचे दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला पुरावा वाचकापासून लपवायचा नाही, हा त्यातलाच एक. १९३० साली लंडनमध्ये रहस्यकथाकारांनी आपले मंडळ काढले आणि नव्या सभासदाने वाचकाशी सचोटीने वागण्याची शपथ घ्यायची अशी प्रथा पाडली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३१ साली, मद्रासमध्ये डॉ. शि. रा. रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत पुस्तकरूपाने आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही गणिताचा एक प्राध्यापक ग्रंथपाल होऊन 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' असे लिहीत होता, त्याच सुमाराला दुसरीकडे काही लेखक वाचकाची फसवणूक करणार नाही अशी शपथ घेत होते, याचा मला फार आनंद वाटतो. दोन्हीकडे वाचकाचा मान राखला जात होता.

या सचोटीचा सर्वात मोठा नमुना म्हणून मी ॲगाथा ख्रिस्ती यांच्याकडे बोट दाखवते. पहिल्या महायुद्धात त्या इंग्लंडमधल्या आपल्या गावी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करीत होत्या. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, औषधांची मापे आणि विषांची कपाटे त्यांनी रोज हाताळलेली होती. १९२० साली त्यांची पहिली रहस्यकादंबरी आली तेव्हा औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने त्यातील विषाची माहिती अचूक असल्याबद्दल तिचे कौतुक केले, आणि त्या कौतुकाचा त्यांना अभिमान होता. त्यांची १९२६ सालची एक कादंबरी वाचून काही वाचक रागावले, आम्हाला फसवले म्हणाले. ती कोणती आणि तिच्यात काय आहे, हे मी इथे सांगणार नाही. एवढेच सांगते की ती दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल न घेता नुसते कागदाचे कपटे घालत गेले, आणि शेवटी पुस्तकात सतरा कपटे झाले होते. सतरा ठिकाणी लेखिकेने खरे सांगितले होते आणि सतराही ठिकाणी मी ते वाचून पुढे गेले होते.

लेखक हे कसे करतात याकडे मी वर्षानुवर्षे लक्ष देत आले आहे. महत्त्वाची वस्तू बहुधा यादीच्या मधोमध ठेवलेली असते. टेबलावर चष्मा, अर्धवट लिहिलेले पत्र, सुकलेला हार आणि पाण्याचा तांब्या होता, असे वाक्य असेल तर आपण चष्मा लक्षात ठेवतो आणि तांब्या लक्षात ठेवतो; मधले दोन निसटतात. किंवा खरी गोष्ट सांगून होते न होते तोच बाहेर किंकाळी ऐकू येते, आणि आपण किंकाळीमागे धावतो. किंवा ती गोष्ट अशा माणसाच्या तोंडी घातलेली असते की ज्याचे घरातले कोणीच ऐकत नाही: एखादी म्हातारी आत्या, एखादा स्वयंपाकी, एखादे लहान मूल. हा तिसरा प्रकार मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण पुस्तकातल्या माणसांबरोबर आपणही त्या आत्याचे ऐकलेले नसते.

देवघेवीच्या खिडकीत बसून माझे डोळे याच गोष्टींना सरावले. परत आलेले पुस्तक मी उघडून, पाने अंगठ्याखालून सोडत पाहते. आत लोकलचे तिकीट निघते, वाण्याची यादी निघते, पावसाळ्यात पानांना दमट वास येतो. कळवा-मुंब्र्याच्या बाजूने येणाऱ्या सभासदांपेक्षा मुंबईकडे नोकरीला जाणाऱ्या बायका रहस्यकथा अधिक नेतात, असे माझे निरीक्षण आहे. बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर १८५३ साली देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीने कापले, त्याच मार्गावर या बायका रोज जाऊन-येऊन दोन तास काढतात. बसायला जागा मिळाली तर मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत एक प्रकरण होते, असे त्यांच्यातल्या एकीने मला सांगितले होते.

या पाहण्यातूनच मला ते टिंब दिसले. एका रहस्यकादंबरीच्या पन्नासाव्या पानावर, पानाच्या आकड्याखाली, पेन्सिलीने दिलेले बारीक टिंब. आधी वाटले, छपाईचा डाग असेल. मग दुसऱ्या पुस्तकात त्याच पानावर तेच टिंब दिसले, मग तिसऱ्या. त्या संध्याकाळी ग्रंथालय बंद झाल्यावर मी रहस्यकथांचे कपाट उघडले आणि एकेका पुस्तकाचे पन्नासावे पान पाहत गेले. साठाहून अधिक पुस्तकांत टिंब होते. पुस्तकांवरच्या तारीखपत्रकांवरून आणि सभासदांच्या कार्डांवरून माग काढला तेव्हा सगळी पुस्तके नेलेल्या एकच सभासद निघाल्या, राम मारुती रोडजवळ राहणाऱ्या एक आजी. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा मी काही बोलले नाही, नुसते त्यांना हव्या असलेल्या पुस्तकाचे पन्नासावे पान उघडून खिडकीतून पुढे केले. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि क्षणभर गप्प राहून म्हणाल्या, "म्हणजे हे वाचलेलं आहे माझं. दुसरं द्या." मग थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "मॅडम, नावं लक्षात राहत नाहीत हो आता. घरी नेल्यावर कळतं, की हे झालेलं आहे. मुलगा म्हणतो, मग कशाला वाचतेस?"

ग्रंथालयाच्या पुस्तकात खूण करू नये असा नियम भिंतीवर लावलेला आहे, आणि तो मीच लावलेला आहे. त्या आजींना मी तो सांगितला नाही. पुढे त्या यायच्या थांबल्या. त्यांच्या सुनेने कार्ड आणून दिले आणि अनामत रक्कम परत नेली. ती टिंबे मी खोडलेली नाहीत.

आता मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे ती लिहायला मी बरेच दिवस टाळत होते.

सार्वजनिक ग्रंथालयाच्या कामात निर्लेखन नावाचा एक भाग असतो. फाटलेली, अपूर्ण, कसर लागलेली, कोणी नेत नाही अशी पुस्तके यादी करून समितीपुढे ठेवायची, मंजुरी घ्यायची, नोंदवहीत तांबड्या शाईने शेरा लिहायचा आणि पुस्तके रद्दीत द्यायची. ते आवश्यक काम आहे. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हा रंगनाथनांचा पाचवा सिद्धांत. पण नौपाड्यातल्या दोन खोल्या वाढत नाहीत. २००२ साली ग्रंथपडताळणीनंतर मी अशी यादी केली, आणि तिच्यात जुन्या रहस्यकथांच्या पुस्तिकांची संख्या सर्वांत मोठी होती. कारण उघड होते. त्या स्वस्त कागदावर छापलेल्या होत्या; लाकडाच्या लगद्याच्या अशा कागदातले लिग्निन हवा आणि उजेड लागून पिवळे पडते आणि कागद पापडासारखा मोडू लागतो. शिवण नव्हती, तारेच्या टाचण्या होत्या, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात त्या गंजून पाने सुटलेली होती. पण त्याहून खरे कारण हे, की त्या पुस्तिका शेकडो हातांतून गेल्या होत्या. जे कोणी नेले नाही ते कपाटात नव्यासारखे राहिले आणि जे सर्वांनी वाचले ते यादीत गेले.

मी त्या यादीवर सही केली. समितीतल्या कोणीही एकाही पुस्तिकेबद्दल विचारले नाही, कारण त्या साहित्यात मोडतात असे कोणालाच वाटत नव्हते. पुस्तकांना विषयवार अंक देणाऱ्या दशांश वर्गीकरणात मराठी कथा-कादंबऱ्यांना ८९१.४६३ हा एकच अंक आहे, त्यात रहस्यकथा आणि बाकीचे ललित वाङ्मय शेजारी शेजारी बसते; माणसांच्या मनातल्या कपाटात मात्र त्यांची जागा वेगळी असते. मला वाटत होते तरी मी बोलले नाही. नोकरीला पाच वर्षे झाली होती, तपासणी तोंडावर होती आणि नव्या पुस्तकांना जागा हवी होती. रद्दीवाल्याने पुस्तिका सुतळीने बांधून हातगाडीवर रचल्या.

गेल्या वर्षी, आषाढात, घोडबंदर रोडला राहणाऱ्या एक बाई पुस्तकांचे दोन गठ्ठे घेऊन रिक्षातून उतरल्या. नौपाड्यातली त्यांच्या वडिलांची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली होती, वडील वर्षभरापूर्वी वारले होते आणि घर रिकामे करायचे होते. "बाबांनी रद्दीच्या दुकानांतूनच बरीचशी जमवली होती," त्या म्हणाल्या. "ठेवण्यासारखं काही असेल तर ठेवा, नाहीतर द्या कुणाला." पाऊस फार होता, त्यामुळे त्या थांबल्या आणि मी त्यांच्यासमोरच गठ्ठा सोडला. वर धार्मिक पुस्तके होती, खाली दिवाळी अंक, आणि अगदी तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काही पुस्तिका. त्यातल्या एकीला मुखपृष्ठ नव्हते, शीर्षकाचे पान नव्हते. ती सतराव्या पानापासून सुरू होत होती. गंजलेल्या टाचण्या कोणीतरी काढून टाकल्या होत्या आणि पांढऱ्या दोऱ्याने, घरच्या सुईने, तीन टाके घालून पाने शिवली होती.

कोणत्या मालिकेतले पुस्तक हे ओळखावे म्हणून मी पाने उलटत होते. पण अशा वेळी हात सवयीनेच त्या पानाशी जातो. शिवणीच्या बाजूला, अर्धा टाक्याखाली गेलेला, फिकट जांभळा गोल शिक्का होता आणि तो आमचा होता. आत दाखल क्रमांकाचे चार आकडे होते. शेवटचा विरला होता, पहिले तीन वाचता येत होते.

बाई गेल्यावर मी जुन्या नोंदवह्या काढल्या. त्या तीन आकड्यांचे दहा क्रमांक होऊ शकत होते, आणि दहांपैकी रहस्यकथा एकच होती. तिच्यासमोर शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईने लिहिले होते: 'पाने १ ते १६ नाहीत. अपूर्ण. निर्लेखित.' खाली २००२ सालची तारीख होती. अक्षर माझे होते. पुस्तक रद्द करताना शीर्षकाच्या पानावर तसा शिक्का मारतात. इथे ते पानच नव्हते, म्हणून रद्द केल्याची कोणतीही खूण त्या पुस्तिकेवर नव्हती. नोंदवहीप्रमाणे ती आमची राहिली नव्हती, आणि गुप्त पानाप्रमाणे ती आमचीच होती. कोणा एका माणसाने ती किलोच्या भावात विकत घेऊन, अपूर्ण असूनही घरी नेऊन, शिवून, तेवीस वर्षे सांभाळली होती.

मी तिला नवा दाखल क्रमांक दिला, शेऱ्यात जुना क्रमांक लिहिला आणि तिचे टाके तसेच ठेवून तिला जाड कागदाचे वेष्टन घातले. मग ती घरी नेऊन वाचली. एका वाड्यातून काही कागद नाहीसे झालेले आहेत. सतराव्या पानाच्या आधीच ते गेलेले आहेत. शेवट शाबूत आहे आणि कागद कोणी नेले हे स्पष्ट सांगितलेले आहे. तो माणूस ओळखण्याचे कारण देताना नायक म्हणतो की वाड्यात पहिल्यांदा पाऊल टाकले तेव्हाच ते दिसले होते. आपल्याकडच्या पुस्तिकांत वाचकाला पुरावा दाखवलेला नसतो, हे माझे अनेक वर्षांचे मत मी वर लिहिले आहे. नायकाला पहिल्या पावलाला जे दिसले ते वाचकालाही दाखवले होते की नाही, हे त्या सोळा पानांत आहे.

ठाण्यातल्या आणि मुंबईतल्या ओळखीच्या ग्रंथपालांना मी त्या पुस्तिकेचे नाव कळवून ठेवले आहे. आपल्या शहराचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभे आहे, तिथली जुनी यादीही मी एका शनिवारी बसून पाहिली. पूर्ण प्रत अजून कुठे मिळालेली नाही. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या ट्रंकेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती असेल, आणि ती माझ्यापर्यंत आली तर मला शेवटाची काही गरज नाही. पहिली सोळा पाने तेवढी मी उभ्या उभ्या वाचून घेईन.